कॅमेऱ्यावरची तुपाची वाटी

क्षितिज पांढरीपांडे याने एका वर्षात लोकांना अकरा कॅमेरे घेऊ नका म्हणून सांगितलं आणि लोकांनी ते निमूटपणे ऐकलं. एवढा अधिकार भल्याभल्यांना मिळत नाही. अडचण इतकीच, की क्षितिजचं पोट लोकांनी कॅमेरा घेण्यावर चालायचं होतं.

या धंद्याची रीत सोपी आहे. कॅमेऱ्याची परीक्षा करणारा माणूस व्हिडिओ बनवतो आणि खाली ऑनलाइन दुकानाची लिंक ठेवतो. ती दाबून कुणी खरेदी केली की दुकान त्याला टक्का देतं. 'घ्या' म्हटलं तर टक्का, 'घेऊ नका' म्हटलं तर नमस्कार. त्यामुळे इंटरनेटवर वाईट कॅमेरा जन्मालाच येत नाही. तिथे चांगला, फारच चांगला आणि 'या किमतीत चांगला' एवढेच तीन वाण आढळतात. क्षितिजला हे सगळं ठाऊक होतं. पण कॅमेरा हातात घेतला की त्याच्या तोंडून जे दिसेल तेच बाहेर पडायचं. दम्याच्या माणसाला खोकला आवरत नाही, तशातला प्रकार.

"तू जगातला एकमेव दुकानदार आहेस," त्याची मोठी बहीण कस्तुरी म्हणायची, "जो गिऱ्हाइकाला दारातून हाकलतो आणि वर त्याला सबस्क्राइब करायला सांगतो."

कस्तुरी महादेवपुऱ्याच्या एका कंपनीत आकडेवारीचं काम करायची. मारतहळ्ळीत दोघं एका घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन राहत होती. क्षितिजने सॉफ्टवेअर तपासायची नोकरी सोडली तेव्हा तिने त्याला वर्षभराची मुदत दिली होती. मुदत रथसप्तमीला संपत होती. यंदा रथसप्तमी पंचवीस जानेवारीला, रविवारी. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी. मंगळवारी क्षितिजने महादेवपुऱ्यात नव्या कंपनीत पुन्हा सॉफ्टवेअर तपासायला रुजू व्हायचं. त्या नोकरीचं पत्र कस्तुरीने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं. चुंबक इडलीच्या आकाराचा होता. क्षितिज दर वेळी दूध काढायला गेला की त्याला आधी आपलं भविष्य दिसायचं आणि मग दूध.

डिसेंबरच्या शेवटी निरोका कंपनीचा नवा कॅमेरा आला, टी-नाइन. किंमत पंच्याऐंशी हजार. पाठोपाठ मार्केटिंगवाल्या ऋतुराजचा फोन आला.

"ब्रो, तुझा चॅनेल छोटा आहे, पण मराठीत आहे," ऋतुराज म्हणाला. तो मुंबईचा होता आणि बंगळुरात त्याला मराठी बोलायला मिळालं की त्याचा आवाज एकदम घरगुती व्हायचा. "वर्षाचा करार. साडेचार लाख. तुला फक्त बोलायचंय. कसं बोलायचं त्याची यादी पाठवतो."

यादी आली. 'गरम होतो' असं म्हणू नये, 'हाताला उबदार लागतो' म्हणावं. 'बंद पडतो' म्हणू नये, 'विश्रांती घेतो' म्हणावं. 'महाग' म्हणू नये, 'महत्त्वाकांक्षी' म्हणावं. क्षितिजने इतर परीक्षकांचे व्हिडिओ लावून पाहिले. सहा भाषांतले सहा जण एकाच दिवशी एकाच कॅमेऱ्याला उबदार म्हणत होते. त्यातला एक चेन्नईचा होता. चेन्नईत ऊब ही तक्रार असते, गुण नव्हे, पण करार म्हणजे करार.

परीक्षा घ्यायला क्षितिज नेहमीप्रमाणे खालच्या मजल्यावर गेला. खाली घरमालक राहायचे, विद्याधरकाका आणि प्रेमाकाकू. चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून बंगळुरात आलेलं हे जोडपं. काका एका सरकारी प्रयोगशाळेत भिंगं तपासण्याच्या कामावरून निवृत्त झाले होते. आता ते डाळीतले खडे त्याच नजरेने तपासायचे. काकू मराठी महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. हे पद त्यांना कुणी दिलेलं नव्हतं आणि काढून घेण्याची कुणाची छातीही नव्हती.

टी-नाइन ओट्यावर ठेवून चालू केला. आठव्या मिनिटाला काकांनी कोविडच्या काळातलं कपाळाचं तापमापक त्याच्यावर धरलं. ते लाल होऊन ओरडायला लागलं.

"काय म्हणतंय?" क्षितिजने विचारलं.

"ताप आहे म्हणतंय. डॉक्टरांना दाखवा म्हणतंय," काकांनी वाचून दाखवलं आणि वहीत वेळ टिपली.

"अय्यो, एवढं गरम?" काकू पुढे सरसावल्या. जानेवारीच्या तोंडावरची बंगळुराची थंडी, बरणीत तूप दगड होऊन बसलेलं. काकूंनी सकाळपासून ते चमच्याने कोरून कोरून मनगट दुखवून घेतलं होतं. त्यांनी चमचाभर तूप वाटीत घातलं आणि वाटी सरळ कॅमेऱ्याच्या पाठीवर ठेवली. क्षितिजच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात हे सगळं टिपलं जात होतं. तूप आधी कडेने सैल झालं, मग मधे एक बेट उरलं, मग बेटही गेलं.

"किती सुरेख वितळलं बघा! करपलं नाही, काही नाही. एक नंबर!" काकू म्हणाल्या.

अकराव्या मिनिटाला कॅमेरा विश्रांतीला गेला.

"काय लिहिलंत काका?" क्षितिजने विचारलं.

काकांनी वही पुढे केली. त्यात एकच शब्द होता: नापास.

"म्हणजे, फोटो तसे चांगले येतात. अगदी नापास..."

"एकतीस वर्षं भिंगं तपासली मी," काका म्हणाले. "पुष्कळ साहेब आले, म्हणाले, विद्याधर, जरा थोडंसं पास कर. थोडंसं पास असं भिंग नसतं रे. त्यातून बघणाऱ्याला काय दिसतं, ते तुझ्या सहीवर ठरतं."

त्या आठवड्यात क्षितिजने दोन व्हिडिओ तयार केले. एकात कॅमेरा उबदार होता. दुसऱ्यात तूप होतं. शुक्रवारपर्यंत त्याने ठरवूनही टाकलं: साडेचार लाख, एक वर्ष, एवढ्या वेळेला ऊब. इडलीखालचं पत्र खाली येईल, पुढच्या वर्षीपासून पुन्हा खरं बोलता येईल. खरेपणाला काय, एक वर्षाची बिनपगारी रजा. उबदार व्हिडिओ घेऊन तो काकूंना दाखवायला खाली गेला.

काकूंनी चष्मा लावून पूर्ण बघितला. मग चष्मा काढला.

"माझं तूप कुठंय?"

"काकू, ते जरा... लांबी वाढत होती."

"मी मंडळात दोनशे बारा बायकांना सांगितलंय, मी येणार आहे म्हणून. तुपासकट."

"पण काकू, त्या तुपाचे साडेचार लाख..."

"साडेचार लाखांचं तूप आहे का हे? आमच्या दूधवाल्या गौडा अण्णांकडचं लोणी आणून घरी कढवलंय." काकूंचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की काकासुद्धा वर्तमानपत्र बाजूला ठेवायचे. "आणि अकरा मिनिटांनी बंद पडतो, ते कुठं सांगितलंस? तुझ्यावर विश्वासून कुणी लग्नाचं शूटिंग घेतलं त्याच्यावर, तर? अंतरपाट धरलेला असेल आणि हा विश्रांतीला जाईल. मग वऱ्हाडाला काय सांगशील? उबदार होता?"

क्षितिज जिना चढून वर गेला. बराच वेळ दोन्ही फाइलींकडे बघत बसला. शेवटी शनिवारी, तीन जानेवारीला, 'निरोका टी-नाइन घेऊ नका' हा व्हिडिओ तुपासकट चढला. चौदा मिनिटं. सुरुवातीला नेहमीचं वाक्य: "खालची लिंक दाबून तुम्ही काहीही घेतलंत तर मला थोडे पैसे मिळतात, हे आधीच सांगून ठेवतो." मग चौदा मिनिटं, घेऊ नका.

ऋतुराजचा दोन शब्दांचा संदेश आला: "ब्रो. तूप?"

क्षितिजने नव्या नोकरीसाठी दोन शर्ट इस्त्रीला दिले.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्याला हाक मारली. संक्रांत दहा दिवसांवर आली होती आणि हळदीकुंकवाला लुटायचं वाण आणायचं राहिलं होतं. चाळीस वर्षं काकू वाण आणायला चिकपेटेच्या बाजारात जात होत्या. तिथल्या डबेवाल्या शेट्टींशी त्यांचं भावावरून भांडण इतकं जुनं होतं, की दोघं एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जाऊन आली होती. पण यंदा काकूंच्या गुडघ्याने संप केला होता.

"ऑनलाइन कसं मागवायचं ते सांग. स्वल्प हळू सांग."

क्षितिजने फोन हातात घेतला. "सोपंय काकू. आधी माझा व्हिडिओ उघडा. त्याच्याखाली ही निळी ओळ आहे ना, ती दाबा. दुकान उघडेल. मग चोवीस तासांत तुम्ही काहीही घेतलंत तरी मला चार पैसे मिळतात."

"आधी व्हिडिओ. मग ओळ. मग चोवीस तास," काकूंनी बोटांवर मोजलं. "सरी, कळलं."

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. काकूंनी आयुष्यात सोळा सोमवार दोनदा, महालक्ष्मीचे गुरुवार दर वर्षी आणि मंगळागौर पाचही वर्षं केलेली होती. 'आधी हे, मग ते, आणि इतक्या वेळाच्या आत' असं कुणी सांगितलं, की त्या बाईच्या मनात ते एका ठरलेल्या कप्प्यात जाऊन पडायचं. क्षितिजने सांगितली दुकानाची पद्धत. काकूंच्या कप्प्यात पडलं व्रत.

त्यांनी हातपाय धुतले, पाटावर बसून चौदा मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण ऐकला, निळी ओळ दाबली आणि अडीचशे स्टीलचे डबे मागवले. दुसऱ्या दिवशी दुपारी डबे दारात. एकालाही पोचा नाही. काकूंनी मंडळाच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकला. हा ग्रुप फक्त बायकांचा असल्यामुळे क्षितिजच्या कानावर तो पडण्याचा प्रश्नच नव्हता.

"बायांनो, ऐका. यंदा चिकपेट नाही. आधी आमच्या क्षितिजचा व्हिडिओ लावायचा. मधेच उठायचं नाही, पुढे ढकलायचा नाही. माझं तूप नवव्या मिनिटाला आहे. तेवढंच बघून बंद करायचं नाही, पूर्ण ऐकायचा. मग खालची निळी ओळ दाबायची. मग चोवीस तासांच्या आत हवं ते घ्यायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मी केलं, मला फळ मिळालं."

प्रत्येक व्रताला एक उतणारी, मातणारी बाई लागते. ती जबाबदारी जळहळ्ळीच्या सत्यवतीबाईंनी उचलली. त्या सातव्या मिनिटाला कुकरची शिट्टी ऐकून उठल्या, परत येऊन व्हिडिओ पुढे ढकलला आणि साठ आरसे मागवले. आरसे भलतीकडेच, होसूरला गेले. तिथून सेलमला गेले. सत्यवतीबाईंनी चूक कबूल केली, गॅस बंद करून व्हिडिओ पहिल्यापासून ऐकला, पुन्हा ओळ दाबून मंडळासाठी दोन सतरंज्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी सतरंज्या आल्या आणि पाठोपाठ आरसेही परत आले, एकही न फुटता.

त्यानंतर कुणी शंका घेतली नाही. बायकांनी बेळगावच्या बहिणींना सांगितलं, बहिणींनी सोलापूरच्या जावांना, जावांनी इंदूरच्या नणंदांना.

वरच्या मजल्यावर क्षितिज रोज सकाळी दुकानाचं आपल्या नावाचं पान उघडायचा. विकलेले कॅमेरे: शून्य. व्हिडिओ बघणारे मात्र वाढत होते, आणि सगळेच्या सगळे शेवटच्या सेकंदापर्यंत थांबत होते. हे निसर्गनियमाविरुद्ध होतं. यंत्रात बिघाड असणार, असं त्याने ठरवलं. खालच्या प्रतिक्रियाही विचित्र होत्या.

'छान सांगितलंस बाळा. पूर्ण ऐकला.'

'तूप कणीदार दिसतंय. पत्ता मिळेल का?'

'सुतक असताना ऐकला तर चालतो का? कृपया कळवणे.'

'उद्यापन कधी?'

"ट्रोल आहेत," क्षितिज कस्तुरीला म्हणाला.

"ट्रोल सुतक पाळतात?" कस्तुरी म्हणाली. पण तिचं वर्षअखेरीचं काम चालू होतं, तिने पुढे चौकशी केली नाही. तिने फक्त फ्रिजवरचं पत्र सरळ केलं. "शर्ट आणलेस इस्त्रीचे?"

"आणले."

"आणि तोंड असं करू नकोस. तू वाईट नाही केलंस काही. चाललं नाही, एवढंच." मग दाराशी जाऊन परत वळली. "तूप मात्र चांगलं आलंय व्हिडिओत."

मुदतीचा आदला दिवस, शनिवार, काकूंचं हळदीकुंकू. हॉलमध्ये चाळीसेक बायका, जिन्यात तेवढ्याच चपला, आणि एका कोपऱ्यात काका तिळगुळाच्या डब्यापाशी पहाऱ्याला. क्षितिज खुर्च्या लावून वर सटकणार, एवढ्यात दारात ऋतुराज उभा राहिला. कोट घातलेला, हातात फाइल. हळदीकुंकवाला आलेला पुरुष कुठे बघावं हे न कळून जसा छताकडे बघतो, तसा तो छताकडे बघत होता.

"ब्रो, दोन मिनिटं," तो म्हणाला. "हेड ऑफिस वेडं झालंय. जगात सरासरी माणूस आमच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ अठ्ठेचाळीस सेकंद बघतो. तुझा लोक चौदा मिनिटं बघतात. पूर्ण! आणि वर आमच्या सॉफ्टवेअरने तुझ्या व्हिडिओला शंभरपैकी शहाण्णव गुण दिलेत."

"कशाचे?"

"कौतुकाचे. ते भाषांतर करून कौतुकाचे शब्द मोजतं. 'किती सुरेख', 'एक नंबर', 'करपलं नाही'. आता मी त्यांना कसं सांगू, की ते तुपाबद्दल आहे? माझा बोनस त्याच्यावर आहे." त्याने फाइल उघडली. "नऊ लाख. डबल. तो व्हिडिओ काढ, उबदारवाला टाक. सही इथे."

"कोण रे हा?" मागून आवाज आला. ठकुबाई, वय एक्क्याऐंशी, मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ. "तो उबदार कॅमेऱ्याचा का?"

चाळीस बायका वळल्या. ऋतुराजची पाठ दाराला लागली.

"काय हो, अकरा मिनिटांत बंद का पडतो तो?" कल्पनावहिनींनी विचारलं. त्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता, पण व्हिडिओ चार वेळा ऐकला होता. "उष्णता बाहेर जायला जागाच ठेवली नाही म्हणे. पाठीला साधी जाळी नाही?"

"मॅम, तो बंद पडत नाही, विश्रांती..."

"आमचे हेही दर अकरा मिनिटांनी विश्रांती घेतात," कल्पनावहिनी म्हणाल्या, "पण त्यांचे मी पंच्याऐंशी हजार नाही मोजले."

"आणि फोकस?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "पळत्या मुलावर टिकत नाही. सहावं मिनिट."

ऋतुराजने कोटाचं बटण काढलं. त्याचा चेहरा पडला, आणि पडला तसा जरा बराही दिसायला लागला. "मावशी, खरं सांगू? माझ्याकडे पण तोच आहे. मी त्याच्यावर मोजे वाळवतो."

"बस. तिळगूळ खा," ठकुबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी क्षितिजकडे बघितलं. फाइल उघडी होती. जिन्यातून नुकतीच खाली आलेली कस्तुरीही थांबली. नऊ लाखांचा आकडा तिनेही ऐकला होता. क्षितिजच्या डोळ्यांपुढे विकलेल्या कॅमेऱ्यांचं शून्य होतं, इडलीचा चुंबक होता आणि काकांच्या वहीतला एक शब्द होता.

"नको," तो म्हणाला.

"ब्रो, नऊ!"

"मंगळवारपासून मी महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअर तपासणार. तिथे बिघाडाला बिघाड म्हणायचे पैसे मिळतात, नऊ लाखांपेक्षा कमी असतील. पण तुझ्याकडे बिघाडाला ऊब म्हणावं लागतं. मला ते जमत नाही रे. मी करून बघितलं. व्हिडिओ तयार आहे, अजून वर लॅपटॉपमध्ये पडलाय. तो बघताना मलाच माझा आवाज ओळखू येत नाही."

काकांनी तिळगुळाचा डबा खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्यांनी पहारा सोडल्याची नोंद नव्हती.

"थांब, थांब," ठकुबाई म्हणाल्या. "मंगळवारपासून नोकरी? मग व्हिडिओ कोण सांगणार? माझ्या नातीचं रुखवत मागवायचंय!"

"डोहाळजेवणाच्या साड्या राहिल्यात!" कुणी म्हणालं.

"इंदूरला काय सांगू मी?" दुसरं कुणी म्हणालं.

"एक मिनिट," कस्तुरी पुढे आली. आकडेवारीवाल्या माणसाच्या कानाला एक वेगळं हाड असतं. "व्हिडिओचा आणि रुखवताचा काय संबंध?"

मग तिला सगळं सांगण्यात आलं. आधी व्हिडिओ, मग ओळ, मग चोवीस तास. होसूर. सेलम. उद्यापन. प्रत्येकीने आपण काय काय घेतलं ते सांगितलं आणि कस्तुरीचे डोळे मोठे होत गेले. ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली आणि लॅपटॉप घेऊन खाली आली.

"तुझं पान उघड."

क्षितिजने उघडलं. "बघ. शून्य."

"गाढवा, वर फिल्टर लावलाय. 'फक्त कॅमेरे' असा."

"हो मग? मी कॅमेऱ्यांचाच परीक्षक आहे."

कस्तुरीने भावाकडे असं बघितलं, जसं माणूस बघतो की याला आपण दत्तक तर नव्हतं घेतलं. मग तिने फिल्टर काढला.

पान खाली सरकायला लागलं आणि सरकतच राहिलं. स्टीलचे डबे. आरसे. कुंकवाचे करंडे. सतरंज्या. अकरा कुकर. नऊ वेट ग्राइंडर. गुडघ्याचे पट्टे, दोनशेच्या वर. एक व्यायामाची सायकल.

"ती माझी," ठकुबाई म्हणाल्या.

बेळगावचे डबे, सोलापूरच्या चादरी, इंदूरहून एक चक्क फ्रिज. कॅमेरे: शून्य. कस्तुरी तळाच्या आकड्यापाशी थांबली. तिने तो दोनदा वाचला.

"तुझ्या जुन्या पगाराच्या वर गेलंय," ती म्हणाली. मग तिने तो तिसऱ्यांदा वाचला. "माझ्याही."

हॉलमध्ये जो कल्ला झाला, त्याने शेजारच्या इमारतीतली कुत्री भुंकायला लागली. काकूंनी ऋतुराजलाही हळदीकुंकू लावलं असतं, पण तो चपळाईने मागे सरला. त्याला अत्तर लावण्यात आलं.

"सीझनल आहे पण," कस्तुरी सवयीने म्हणाली. "संक्रांत संपली की..."

"काय संपलं?" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चैत्रगौर आहे. मुंजी आहेत. वटपौर्णिमा, मंगळागौर, गौरी, भोंडला, दिवाळी, मग मार्गशीर्षातले गुरुवार. अगं, आमचा एक महिना रिकामा दाखव मला! तो फक्त नवीन कॅमेरा आणत राहू दे."

आता गप्प बसायला हरकत नव्हती. दुसरा कुणीही बसला असता. पण क्षितिजला तो खोकला आलाच.

"काकू," तो म्हणाला, "एक सांगायचंय. सगळ्यांनाच. ती ओळ नाही दाबली तरी पार्सल येतं. व्हिडिओ नाही बघितला तरी येतं. ओळ दाबल्याने फक्त मला पैसे मिळतात. बाकी काही होत नाही."

कस्तुरीने कपाळावर हात मारून घेतला. ऋतुराजने तिळगूळ चावायचा थांबवला. त्याच्या नोकरीत हे दृश्य त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे नाही दाबली तरी येतं?" ठकुबाईंनी सावकाश विचारलं.

"हो."

"मग सत्यवतीचं होसूरला का गेलं?"

क्षितिजने डोकं खाजवलं.

"सेलमला का गेलं?"

क्षितिजने काकांकडे बघितलं.

"बाळा," ठकुबाई म्हणाल्या, "कॅमेऱ्यातलं तुला कळतं, ते आम्ही ऐकतो. व्रतातलं तू आम्हाला शिकवू नको."

"आणि पैसे तुला मिळतात, हे तू सुरुवातीलाच सांगतोस की," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पहिलं मिनिट. आम्ही पूर्ण ऐकतो."

"खऱ्या बोलणाऱ्याला दक्षिणा नको?" काकू म्हणाल्या आणि तो विषय कायमचा मिटला.

क्षितिज काकांच्या कोपऱ्यात जाऊन टेकला. "काका, तुम्हाला माहीत होतं, लिंक म्हणजे काय ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलंच कुणी?" काका म्हणाले आणि डबा पुन्हा मांडीवर घेतला. जाताना ऋतुराज मंडळाच्या ग्रुपमध्ये आपल्या आईला घालता येईल का, ते विचारून गेला. त्याच्या हातात फाइल होती आणि फाइलीवर एक स्टीलचा डबा.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. कोवळ्या उन्हात अंगणातल्या तुळशीपुढे काकूंनी रांगोळीचा रथ काढला, मधे गोवऱ्या रचल्या आणि वर मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं. ते उतू जायला हवं, तरच वर्ष भरभरून जातं. गोवऱ्याही ऑनलाइन आलेल्या होत्या, बारा नगांचं पाकीट, निळी ओळ दाबून.

गोवऱ्या काही पेटेनात. पाकिटावर 'उच्च प्रतीच्या' असं लिहिलं होतं.

"कागद आण गं एखादा," काकू म्हणाल्या.

कस्तुरी वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात नोकरीचं पत्र होतं. तिने ते भावाकडे दिलं नाही, स्वतःच गुंडाळलं, काडी लावली आणि गोवऱ्यांखाली सरकवलं. कागद जाड होता, छान पेटला.

"आणखी एक वर्ष," ती म्हणाली. "आणि तो फिल्टर परत लावलास तर घराबाहेर काढीन."

"अरे, हे शूट कर," काका म्हणाले. "पहिलं वर्ष पुरं झालं तुझं."

हाताशी टी-नाइनच होता. क्षितिजने तो ट्रायपॉडवर चढवला आणि चालू केला. उन्हाची तिरीप बोळक्यावर पडली, धूर सरळ वर गेला, दुधावर साय सुरकुतली, कडेने बुडबुडे आले. चित्र खरोखर सुंदर येत होतं. काका घड्याळाकडे बघत होते. दूध काठापर्यंत चढलं, फुगलं, थरथरलं.

कॅमेरा विश्रांतीला गेला.

त्याच क्षणी दूध चारी बाजूंनी उतू गेलं, सळसळत रांगोळीच्या रथावर उतरलं, आणि काकू दोन्ही हात जोडून एवढ्या मोठ्याने हसल्या की तुळशीवरची चिमणी उडाली. याचा कुठलाही पुरावा नाही.

काकांनी वहीत वेळ टिपली. अकरा मिनिटं, चार सेकंद.

"काकू, तूप आहे का घरात?" क्षितिज कॅमेऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "अजून गरम आहे."